टोपलीखालचा वाघ

आपल्या समाजातील लग्नात केक ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. विवाहसंस्काराचा मिस्सा आटोपतो, वधूवर मंडपात येतात आणि पांढऱ्याशुभ्र मनोऱ्यासारखा तो केक त्यांची वाट पाहत टेबलावर उभा असतो. परंतु हा केक बाजूला ठेवून केवळ नवरदेवासाठी म्हणून दुसरा एक केक करावा, आणि तोही एखाद्या प्राण्याच्या वा वस्तूच्या आकाराचा, ही रीत आपल्याकडची नव्हे. ती उचलण्याचा उद्योग आम्ही 2024 च्या एप्रिल महिन्यात आमच्या मुलीच्या लग्नात केला. त्याची ही हकीकत. तीत आमची फजिती आहे. पण नुसती फजितीच असती तर ती आम्ही घरातल्या घरात हसून संपवली असती.

प्रथम थोडे आमच्याविषयी. आम्ही दोघे मूळचे वसईचे. वीज केंद्रातील नोकरीच्या निमित्ताने चंद्रपूरला आलो आणि इथलेच झालो. मुलीचा जन्म इथला, बाप्तिस्मा इथला, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याचा सोहळाही इथलाच. चांदा धर्मप्रांत हा सिरो-मलबार विधीचा. 1962 साली हा मुलूख केरळातील सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवण्यात आला आणि 1977 साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. लॅटिन विधीत वाढलेल्या आम्हांला येथील उपासना आरंभी परकी वाटली. पुढे तीच आमची झाली. आमच्यापैकी एकाचे आयुष्य यंत्रांच्या आराखड्यांवर वाकून गेले. दुसरीने घरच्या ओव्हनवर केक करून चार पैसे आणि पुष्कळ माणसे जोडली. हे लिखाण दोघांनी मिळून केले आहे, कारण तो केक दोघांनी मिळून केला होता आणि त्यातली चूकही दोघांची होती.

जावई वनरक्षक आहेत. नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात आणि घरही तिकडचेच, आरमोरीच्या बाजूचे. 1982 पर्यंत गडचिरोली हा चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. जुनी माणसे अजूनही सगळ्या मुलखाला चांदाच म्हणतात. जावयांचे कुटुंब दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. थोडी धानाची शेती, उन्हाळ्यात मोह वेचणे, त्यानंतर तेंदूपाने. त्या वर्षी ईस्टर 31 मार्चला होता. उपवासकाळात लग्न नाही, ईस्टरनंतर धरावे तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्हीकडे 19 एप्रिलला लोकसभेचे मतदान. त्यापूर्वी जावयांना रजा मिळेना. अखेर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तारीख ठरली. चंद्रपूरच्या उन्हाची ज्यांना कल्पना आहे त्यांना हा काळ कसा असतो हे सांगायला नको. पारा 43-44 च्या आसपास खेळत असतो आणि दुपारी घराच्या भिंतीसुद्धा श्वास सोडल्यासारख्या गरम लागतात.

नवरदेवाच्या केकची कल्पना मुलीची. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ही प्रथा जुनी आहे. मुख्य केक वधूचा मानला जातो, आणि तिच्याकडून वरासाठी म्हणून एक लहान, बहुधा चॉकलेटचा, त्याच्या आवडीचा वा व्यवसायाचा आकार दिलेला केक असतो. 1989 सालच्या ‘स्टील मॅग्नोलियाज’ या चित्रपटात आर्माडिलो नावाच्या, आपल्या खवल्या मांजराची आठवण करून देणाऱ्या प्राण्याच्या रूपातला असा केक दाखवला आणि ही प्रथा जगाला माहीत झाली. इंग्लंडच्या राजपुत्र विल्यम यांच्या 2011 च्या विवाहातही मुख्य फळांच्या केकशेजारी त्यांच्या खास आग्रहावरून चॉकलेट-बिस्किटांचा वेगळा केक होता.

हे सारे ऐकल्यावर आमच्या लक्षात आले, की आपल्याला वाटते तितके हे परके नाही. आपल्या महाराष्ट्रातील रुखवत तरी दुसरे काय आहे? वधूपक्षाने वरासाठी मांडलेला फराळ, आणि त्या फराळातून घडवलेली घरे, तुळशीवृंदावने, पालख्या. संक्रांतीला नव्या जोडप्याला घालतात ते हलव्याचे दागिने, पाडव्याच्या साखरेच्या गाठी, हीदेखील साखरेला आकार देण्याचीच कला. 2022 साली पुण्याच्या प्राची धबल देब यांनी रॉयल आयसिंगमध्ये मिलान येथील महामंदिराच्या धर्तीवर 100 किलो वजनाची वास्तू उभी केली आणि तिची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली, तेव्हा तिची छायाचित्रे आम्ही घरी किती वेळा पाहिली असतील! साखरेतून चर्च उभे राहत असेल तर एखादा प्राणी का उभा राहू नये?

प्राणी कोणता, याचा विचार करण्याची वेळच आली नाही. मुलगी म्हणाली, ‘‘जंगलखात्याचा नवरदेव. वाघच हवा.’’ आम्हीही मान डोलावली. चंद्रपुरात राहणाऱ्याला वाघ सुचावा यात विशेष ते काय? इथे चौकात वाघ, हॉटेलांच्या पाट्यांवर वाघ, शाळेच्या स्नेहसंमेलनात वाघाचे मुखवटे. ताडोबा हे 1955 पासूनचे, महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. 1995 पासून तो व्याघ्रप्रकल्प आहे. देशोदेशीची माणसे केवळ वाघ पाहण्यासाठी येथे येतात. जावयांना फोनवर विचारले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘चालेल.’’ त्या क्षणभराच्या थांबण्याकडे आम्ही लक्ष दिले नाही.

आकाराचा केक करायचा तर तो हलका, जाळीदार असून चालत नाही, कापताना ढासळतो. म्हणून लोणी, अंडी आणि चॉकलेटचा दाट केक सहा थरांत भाजला. एरवी लग्नाच्या केकला रम लागते. परंतु गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरनेही 2015 ते 2021 अशी सहा वर्षे ती पाहिली आहे, आणि विहीणबाईंच्या गावातील बायकांनी दारूविरुद्ध काय काय सोसले हे आम्ही ऐकून होतो. म्हणून थर भिजवले ते संत्र्याच्या रसात. चॉकलेटला संत्रे फार मानवते. थर एकावर एक रचून रात्रभर थंड केले आणि दुसऱ्या दिवशी पात्याच्या सुरीने कोरायला घेतले. आतून आधार म्हणून बांबूच्या कामट्या घासून, उकळून, योग्य उंचीवर कापून उभ्या घातल्या. आराखड्यांत आयुष्य घालवलेल्याला अखेर स्वयंपाकघरात काम मिळाले. डोके केकचे केले असते तर वजनाने मान मोडली असती. ते मुरमुऱ्यांच्या लाडवाचे केले. विलायतेत त्यासाठी तांदळाच्या कुरकुरीत लाह्या साखरेच्या चिकट पाकात बांधतात. आपल्याकडे गुळाच्या पाकातले मुरमुरे तेच काम अधिक चांगले करतात.

बाह्यांगावर चॉकलेट आणि मलईचे गनाश. साधारण हवेत दोन भाग चॉकलेटला एक भाग मलई पुरते. आमच्या उन्हाळ्यात तीनास एक घ्यावी लागली. लोण्याचे आयसिंग येथे एप्रिलमध्ये टिकतच नाही.

मग फोंडंट. हा शब्द ‘वितळणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला आहे, आणि चंद्रपुरात तो आपल्या नावाला जागतो. एक किलो पिठीसाखर, सुमारे 15 ग्रॅम जिलेटिन पाव वाटी पाण्यात फुगवून विरघळवलेले, अर्धी वाटी द्रव ग्लुकोज, चमचाभर ग्लिसरीन आणि दोन चमचे वनस्पती तूप, एवढ्याची कणीक मळायची. जिलेटिनने ती ताणते, ग्लिसरीनने मऊ राहते, ग्लुकोजने साखर पुन्हा रवाळ होत नाही. कान, पंजे, शेपटी अशा उभ्या राहणाऱ्या भागांसाठी तीत सीएमसी नावाची पूड घालतात म्हणजे ती वाळून घट्ट होते. ऐकायला सोपे आहे. पण पंख्याखाली ठेवावी तर दहा मिनिटांत तिला भेगा पडत. म्हणून कूलर लावला, तर कूलरची ओली हवा लागून तिला घाम सुटे आणि वाघ रडल्यासारखा दिसे. अखेर मागच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून, ओली फडकी दूर ठेवून, आम्ही रात्री अकरा ते पहाटे पाच काम केले.

तरीही अंगावर पांघरायची मोठी पोळी दोनदा फाटली. तिसऱ्या वेळी शेजारच्या वहिनी आल्या. त्या लग्नाकार्यांत लांब पोळ्या करून देतात. विदर्भातील ही पोळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत ताणायचा आणि तापलेल्या पालथ्या मडक्यावर अलगद सोडायचा. वहिनींनी फोंडंट बोटांत चुरगाळून पाहिले, ‘‘हे तं आपल्या कणकेहून सोपं हाय,’’ म्हणाल्या, आणि ती तीन-चार मिलिमीटर जाडीची पोळी लाटण्याने न उचलता दोन्ही बाहूंवर घेऊन वाघाच्या पाठीवर अशी सोडली, की एक सुरकुती राहिली नाही. आम्ही पुस्तकांतून आणि चित्रफितींतून शिकत होतो ते त्यांच्या हातांत पिढ्यांपासून होते.

शुक्रवारी दुपारपर्यंत वाघ पूर्ण झाला. बसलेला, मान किंचित वळवलेला, हळदी-केशरी अंगावर कोकोचे आणि काळे पट्टे, डोळ्यांना साखरेच्या पाकाची चकाकी. आमच्या हातून इतके चांगले काम पूर्वी झाले नव्हते, आणि हे आम्ही एकमेकांना चार-पाच वेळा सांगितले.

संध्याकाळी वऱ्हाड आले. चहापाणी झाले. आम्हीच, मोठ्या हौसेने, विहीणबाईंना मागच्या खोलीत घेऊन गेलो आणि फडके दूर केले.

त्या बघत राहिल्या. आम्हांला वाटले, थक्क झाल्या आहेत. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि विचारले, ‘‘हा कापाचा हाय का जी?’’

‘‘हो, विहीणबाई. उद्या मुलगा आणि मुलगी मिळून कापतील.’’

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग भिंतीकडे पाहत म्हणाल्या, ‘‘माह्या मोठ्या बाईले यानंच नेलं जी. मोहा वेचाले गेलती. मी संगंच होती.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तुमी लय चांगला बनवला. पर मी याले सुरी नाई लावू देत. न त्याले, न सुनंले.’’

आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते.

ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. ‘मावशी वारल्या’ एवढेच मुलीला सांगण्यात आले होते. कशा, ते त्या घरात कोणी बोलत नसे. जावयांना बोलावून घेतले. ते खाली मान घालून म्हणाले, ‘‘मी आधीच सांगायला हवं होतं. मला वाटलं, केकच तर आहे.’’ आठ वर्षांपूर्वीची ती घटना त्यांनी त्या रात्री प्रथम आम्हांला सांगितली. मोहाचे फूल पहाटे गळते. ऊन चढण्यापूर्वी वेचले नाही तर जनावरे खातात, म्हणून बाया अंधार असतानाच निघतात. झाडाखाली वाकून, बसून वेचावे लागते. आणि वाकलेले माणूस, जंगलखात्याचेच जाणकार सांगतात, वाघाला चार पायांच्या सावजासारखे दिसते. पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाच्या मागोमाग बारावीची परीक्षा दिलेला हा मुलगा जंगलात चालत गेला होता. त्याच्या पुढच्या आयुष्याची वाट तिथे ठरली. ‘‘वाघाचा राग आम्ही करत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आई तर त्याचं नावसुद्धा सांभाळून घेते. पण राग नसणं वेगळं आणि त्याला ताटात घेणं वेगळं.’’

त्यावर उत्तर नव्हते. आम्हांला लाज वाटली ती न कळलेल्या गोष्टीची नव्हे, कळूनही विसरलेल्या गोष्टींची. ज्या ताडोबाच्या नावावर आमचे शहर मिरवते ते नावच मुळी, स्थानिक कथेप्रमाणे, वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाचे. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात आदिवासी बांधव तिथे जमतात. आम्ही ते पाहिले होते, पाटी वाचली होती. 2022 च्या फेब्रुवारीत आमच्याच वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराला वाघाने मारले, तेव्हा महिनाभर आम्ही अंधार पडण्यापूर्वी दारे लावून घेत होतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वडसा वनविभागात ‘सीटी-1’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाघाला पकडले. त्याने तेरा माणसे मारली होती, त्यांत जावयांच्या मुलखातली माणसे होती. हे सारे वर्तमानपत्रांतून वाचून, हळहळून, दोन वर्षांच्या आत आम्ही वाघाला पुन्हा खेळण्याच्या जागी बसवले होते. शहराचा वाघ जिप्सीतून पाहायचा असतो. गावाचा वाघ मोहाच्या झाडाखाली भेटतो.

मुलगी रडत होती. रात्रीचे नऊ वाजले होते आणि सकाळी दहाला चर्चमध्ये पोहोचायचे होते. नवरदेवाचा केक मुळीच ठेवू नये, मुख्य केक आहेच, असेही ठरत आले. परंतु तसे केले असते तर मोडलेली गोष्ट तशीच मध्ये राहिली असती आणि दोन्ही घरांनी ती जन्मभर वळसा घालून ओलांडली असती. तेव्हा विहीणबाईंनाच विचारले: ‘‘तुम्ही सांगा, काय करू? तुमच्या मुलासाठी आहे.’’

त्यांनी विचार केला. म्हणाल्या, ‘‘टोपली करा. मोहाची.’’

फोंडंटचा एक गुण आम्ही त्या रात्री नव्याने ओळखला. वाळले नसेल तोवर ते पुन्हा मळता येते. जे घडवले ते मोडून त्याच साखरेचे दुसरे काही घडवता येते. कान, शेपटी, वाळलेले पंजे बाजूला काढले. वाघाची कातडी पाठीवरून हलकेच सोडवली, गनाश लागलेला भाग खरवडून टाकला. उरलेल्या केशरी फोंडंटमध्ये कोको मळला, तो थेट वाळल्या बांबूचा रंग आला. केकचे पुढचे पाय आणि छाती कापून बूड गोल केले. आराखडेवाल्याने कामट्यांची जागा बदलली. फोंडंटच्या लांब पट्ट्या कापून उभ्या लावल्या आणि आडव्या पट्ट्या त्यांच्या वरखाली विणायला घेतल्या. टोपलीची वीण ही केक करणाऱ्यांची नेहमीची नक्षी आहे; आम्ही ती अनेकदा केली होती.

विहीणबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. अखेर त्यांना राहवले नाही. ‘‘काठाले पीळ द्या जी, नाई तं उसवते,’’ म्हणत त्या आत आल्या, हात धुतले आणि बसल्या. दोन पट्ट्या एकमेकींत पिळून त्यांनी काठ बांधला. शेजारच्या वहिनीही आल्या; त्या पट्ट्या लाटत, मुलगी कापी, विहीणबाई विणत. पांढऱ्या फोंडंटमध्ये थोडा पिवळा रंग घालून आम्ही मोहाची फुले वळू लागलो, तर त्यांनी पहिलेच फूल उचलून पाहिले आणि ‘‘येवढा नसते, लहान करा’’ म्हणून परत दिले. मग आगपेटीच्या काडीने तळाशी छिद्र कसे पाडायचे तेही दाखवले, कारण मोहाचे फूल पोकळ असते आणि देठावरून निसटून खाली पडते. मध्यरात्र उलटल्यावर त्या बोलू लागल्या. बाई कशी होती, किती झपाट्याने वेचायची, टोपली भरल्यावर काय म्हणायची. आम्ही ऐकत होतो आणि फुले वळत होतो. त्यांच्या मुलाने सांगितले, की इतके ते आईच्या तोंडून त्यानेही ऐकले नव्हते.

टोपली भरायला फुले पुरेनात. वाघाचे मुरमुऱ्यांचे डोके शिल्लक होते. त्यावरचे फोंडंट काढून ते टोपलीत मध्यभागी बसवले, म्हणजे फुलांची रास उंच दिसेल. विहीणबाईंना हे सांगावे की नाही, असा प्रश्न पडला; लपवाछपवी पुरे झाली म्हणून सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘राहू द्या. जंगलात तो असतेच.’’ मग त्यांनी आपले गाठोडे सोडले. आमच्यासाठी आणलेले मोहाचे आणि तिळाचे लाडू त्यात होते. ते त्यांनी टोपलीच्या एका बाजूला, साखरेच्या फुलांजवळ रचले. वधूकडचे रुखवत आणि वराकडची भेट एकाच टोपलीत गेली.

सकाळी मंडपात पाहुण्यांनी टोपलीचे कौतुक केले. वाघ कोणी पाहिलेला नव्हता, म्हणून कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. फादरांनी आशीर्वाद दिला. जावयांनी आणि मुलीने सुरी चालवली ती टोपलीच्या बुडाशी, फुलांना हात न लावता. विहीणबाईंनी मात्र वरच्या राशीतून एक लाडू आणि एक साखरेचे फूल उचलले, मागच्या रांगेत बसलेल्या बहिणीच्या मुलाकडे गेल्या आणि त्याच्या हातावर ठेवले. बाकीचा केक त्यानंतर वाटला.

कानाच्या लग्नाचा प्रसंग आपण कितीदा ऐकलेला असतो. द्राक्षारसाचा चमत्कार आपल्या मनात राहतो. परंतु त्या घरात काय उणे आहे हे सर्वांच्या आधी पवित्र मातेच्या लक्षात आले होते, हे आपण चटकन विसरतो. ती यजमानांच्या घराकडे पाहत होती. आम्ही तीन रात्री आमच्या वाघाकडेच पाहत होतो.

2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. बातमी आली तेव्हा आम्ही प्रथम आरमोरीला विहीणबाईंना फोन लावला. त्या तेव्हा पाने तोडूनच परतल्या होत्या. ‘‘जावंच लागते जी,’’ म्हणाल्या. जावई कामावर होते, त्यांचा फोन रात्री उशिरा आला.

घरगुती केकच्या मागण्या आम्ही अजून घेतो. आकाराचे केकही करतो. मोटारी, घरे, गिटारी, आणि मुलांच्या वाढदिवसाला कोणी मागितला तर वाघसुद्धा. फक्त वजन, चव आणि तारीख लिहून घेण्यापूर्वी आम्ही आता एक विचारतो: केक ज्या घरी जायचा आहे तिथे कोण कोण आहे, आणि कोण नाही.